शाळेचे वीजबिल : सौर पॅनेलच्या आधीची कामे

इंदूरच्या शाळांत ऊर्जाबचतीचा विषय निघाला की व्यवस्थापन समितीचे लक्ष थेट गच्चीकडे जाते. सौर पॅनेल अवश्य बसवावेत, परंतु अगोदर वापर कमी करावा. आजच्या वापराच्या मापाने घेतलेले संयंत्र गरजेपेक्षा मोठे आणि महाग पडते.

प्रथम मागील बारा महिन्यांची बिले काढून महिनावार युनिट वहीत उतरवावेत. नंतर शनिवारी शाळा सुटताना आणि सोमवारी ती उघडण्यापूर्वी मीटरचे आकडे टिपावेत. वॉटर कूलर, संगणक कक्षातील यूपीएस आणि व्हरांड्यातले दिवे बंद शाळेतही किती वीज खातात, ते या दोन आकड्यांतून कळते. हे काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडे द्यावे. विजेचे गणित त्यांना तिथे खरे भेटते.

सर्वांत मोठी बचत पंख्यांत आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट. वीस वर्गांत प्रत्येकी चार पंखे रोज सहा तास चालत असतील, तर दिवसाला २१ युनिटांहून अधिक वीज वाचते. सगळे एकदम बदलणे परवडत नसल्यास बिघडलेल्या पंख्याचे रिवाइंडिंग न करता नवा घ्यावा आणि तेथील जुना रेग्युलेटर काढून साधे बटण बसवावे. वरच्या मजल्यावरील वर्ग तापू नयेत म्हणून उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुन्याचा पांढरा लेप द्यावा.

पाण्याकडे मात्र आपल्या शहरात विशेष लक्ष हवे, कारण इंदूरचे पाणी म्हणजे वीजच आहे. नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून पंपांनी ४०० मीटरांहून अधिक वर चढवावे लागते. हजार लिटरला, पंपातील तूट न धरताही, किमान एक युनिट लागतो. या खर्चासाठीच महानगरपालिकेने २०२३ मध्ये हरित रोख्यांतून, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी लोकांकडून घेतलेल्या कर्जातून, २४४ कोटी रुपये उभारून जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. म्हणून टाकीला ती भरताच पाणी आपोआप थांबवणारा फ्लोट व्हॉल्व्ह लावावा, नळांचे वायसर दरमहा तपासावेत आणि आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी पिंपात साठवून फरशी पुसण्यास वापरावे.

वर्षभराने नवी बिले पाहून सौर संयंत्राची क्षमता ठरवावी. एक किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. उन्हाळी सुट्टीतली वीज वाया जाऊ नये म्हणून नेट मीटरिंगचा, म्हणजे जादा वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याच्या सोयीचा, अर्ज वेळेवर करावा. अंगणातल्या कडुनिंबाची सावली पडत असेल, तर पॅनेल दुसऱ्या कोपऱ्यात न्यावेत, झाड तोडू नये.