लिहून खेळायचा रोलप्ले गेम कसा चालवावा आणि त्याला खेळाडू कसे मिळवावेत

रोलप्ले गेम म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि सूत्रधाराने उभ्या केलेल्या प्रसंगात त्या पात्राच्या तोंडून बोलायचं, त्याच्या हातून काम करायचं. फळी-सोंगट्या लागत नाहीत, ग्राफिक्स लागत नाहीत. ऑनलाइन खेळताना हे सगळं मजकुरातून होतं: सूत्रधार चार ओळी टाकतो, खेळाडू उत्तर लिहितात, जिथे नशीब आजमावायचं तिथे फासा पडतो आणि गोष्ट पुढे सरकते. कल्पना जुनी आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ १९७४ साली आला. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचा, अनेकांनी एकाच वेळी संगणकावर खेळायचा मजकुरी खेळ सुरू केला. आज तेच सगळं खिशातल्या फोनवर होतं.

सोलापूरसारख्या गावाला हा प्रकार फार सोयीचा आहे. शाळेतले निम्मे मित्र पुण्यात नोकरीला, कुणी मुंबईत, एखादा हैदराबादला. जो इथे आहे तो दुकानात, नाहीतर एमआयडीसीत शिफ्टला. सगळ्यांनी रात्री नऊला एकत्र यायचं ठरवलं तर महिनाभर नुसतं ठरतच राहतं. मजकुराचा खेळ थांबून खेळता येतो. एकाने दुपारच्या सुट्टीत लिहिलं, दुसऱ्याने हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून उत्तर दिलं तरी चालतं.

मात्र असे बहुतेक खेळ नव्याचे नऊ दिवस चालतात. कथा वाईट म्हणून ते क्वचितच मरतात. पुढची पोस्ट कुणी आणि कधी टाकायची हे ठरलेलं नसतं, म्हणून मरतात. खालच्या पायऱ्यांमध्ये सगळा भर त्यावरच आहे.

पायरी १: जागा निवडा

व्हॉट्सॲपवर सगळे आधीच आहेत हा त्याचा एकमेव फायदा. तिथे खेळाचा मजकूर गप्पांखाली गाडला जातो, आणि ग्रुपमधल्या अनोळखी माणसाला तुमचा फोन नंबर दिसतो. ओळखीच्या चार जणांत ठीक, पण नवे खेळाडू घ्यायचे असतील, विशेषतः मुलींना निर्धास्तपणे खेळता यावं असं वाटत असेल, तर हा मार्ग नको.

टेलिग्राममध्ये नंबर लपवता येतो आणि एकाच ग्रुपात वेगवेगळे विषय उघडता येतात. शिवाय फाशाचं इमोजी एकटंच पाठवलं की खरोखर फासा पडतो आणि १ ते ६ मधला आकडा सगळ्यांसमोर दिसतो. त्यामुळे ‘मला घरी सहा पडले होते’ हा वादच उरत नाही. फासा थेट ग्रुपातच टाकायचा एवढा नियम ठेवा.

डिस्कॉर्ड सगळ्यात ऐसपैस. वेगळे चॅनेल, धागे, महत्त्वाचे संदेश पिन करायची सोय, फासे टाकणारे बॉट (म्हणजे आपोआप काम करणारे प्रोग्रॅम), अगदी पात्राच्या नावाने पोस्ट टाकून देणारे बॉटसुद्धा. पण ज्यांनी ते कधी पाहिलेलं नाही त्यांना पहिले दोन दिवस काहीच सुधरत नाही. माझं मत विचाराल तर पहिला खेळ टेलिग्रामवर करा आणि दुसऱ्याच्या वेळी डिस्कॉर्डवर जा.

जागा कुठलीही असो, दोन खोल्या हव्यातच. एक फक्त खेळाची, दुसरी गप्पांची. खेळाच्या खोलीत पात्राबाहेरचं काही बोलायचंच झालं तर ते दुहेरी कंसात लिहायचं. ही पद्धत जगभर रूढ आहे, उगाच नवी काढू नका.

पायरी २: जग लहान ठेवा

नवा सूत्रधार आधी नकाशा काढतो, सात राज्यं, चार वंश, दोन हजार वर्षांचा इतिहास. वीस पानांची पीडीएफ होते आणि ती कुणीही वाचत नाही. एक जागा, एक रात्र, एक प्रश्न एवढं पुरे. बंद पडलेली गिरणी आणि तिचा अचानक वाजलेला भोंगा. गड्ड्याच्या जत्रेत पाळणे बंद झाल्यावर होम मैदानावर मागे राहिलेले चार जण. नान्नजच्या माळरानावर माळढोक शोधायला गेलेली आणि परतीची वाट चुकलेली जीप.

इतिहासात शिरायचं असेल तर सोलापूरला १९३० आहे. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला. संचारबंदी असली की खेळाला ताण आपोआप येतो, कारण एका पेठेतून दुसऱ्या पेठेत एक चिठ्ठी पोचवणं एवढंच अख्खं साहस होऊन बसतं. फक्त पात्रं काल्पनिक, साधी माणसं घ्या: कापडखात्यातला कामगार, छापखान्यातला पोऱ्या, बिडी वळणारी बाई. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना खेळातली पात्रं करू नका. सिद्धरामेश्वरांनाही नको. गावाची श्रद्धा फाशाच्या आकड्यावर लावायची नसते, आणि भांडण झालं तर ते ग्रुपपुरतं राहत नाही.

भाषेचं आधीच ठरवा. देवनागरीत लिहायचं म्हटलं की दोघे-तिघे कुरकुरतात. त्यांना कीबोर्डवरचं मराठी बोलून टायपिंग दाखवा, अडचण मिटते. निवेदन मराठीत ठेवा आणि संवादात तेलुगू, कन्नड, दखनी बिनधास्त येऊ द्या. सोलापूरच्या पूर्व भागातलं पात्र घरी तेलुगू बोलणारच.

पायरी ३: नियम एका पानात बसवा

जास्त नियम मजकुरी खेळात जाचक होतात, कारण प्रत्येक शंकेचं उत्तर यायला अर्धा दिवस जातो. दोन फाशांची ही पद्धत पुरते. बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते. ७ ते ९ आली तर काम होतं, पण काहीतरी किंमत मोजून. ६ किंवा कमी आली तर नवीन संकट. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा किंमत मोजून यश आणि १५ वेळा संकट. म्हणजे बहुतेक वेळा गोष्टीला काहीतरी वळण मिळतंच. पात्र ज्यात पटाईत आहे त्या कामाला बेरजेत १ मिळवा. फासा फक्त जिथे फसलं तरी मजा येईल तिथेच टाका. दार उघडायला फासा टाकायला लावणारा सूत्रधार खेळाडूंना कंटाळा आणतो.

मोठा, तयार नियमसंच हवा असेल तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम (एसआरडी ५.१) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले आहेत. श्रेय देऊन त्यांचं मराठी रूपांतर करायला हरकत नाही.

वर्तनाचे दोन नियम मात्र पानाच्या अगदी वर लिहा. एक, दुसऱ्याच्या पात्राचं आपण ठरवायचं नाही. ‘मी त्याला ठोसा मारतो आणि तो खाली पडतो’ असं लिहायचं नाही; ‘मी त्याच्या जबड्यावर ठोसा हाणतो’ इथे थांबायचं, पुढचं फासा आणि समोरचा ठरवेल. दोन, खेळाडूला माहीत असलेली गोष्ट पात्राला माहीत असेलच असं नाही. तळघरातला संवाद तुम्ही वाचला, पण तुमचं पात्र तेव्हा गच्चीवर होतं.

पायरी ४: पहिली पोस्ट

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. पहिली पोस्ट वाचून खेळाडूच्या बोटांनी आपोआप टाइप करायला लागलं पाहिजे. गिरणीच्या खेळाची सुरुवात अशी करता येईल:

‘रात्रीचे अडीच. वीस वर्षं बंद असलेल्या गिरणीचा भोंगा वाजतोय. गल्लीत एकेक दिवा लागायला लागलाय. मागच्या गेटची साखळी खाली पडलीय, तिचं कुलूप मात्र अजून लागलेलंच आहे. आत अंधारात कुणीतरी बिडी ओढतंय. लाल ठिपका उजळतो, मंदावतो. तुम्ही चौघं गेटबाहेर आहात. काय करता?’

यात गिरणी कुणी बांधली, का बंद पडली, किती कामगार होते यातलं काही नाही. हात घालायला तीन गोष्टी आहेत: भोंगा, साखळी, बिडी. शेवटी प्रश्न आहे. समजा एक खेळाडू लिहितो:

‘अंबादास वाकून साखळी उचलतो. आवाज होऊ नये म्हणून ती शर्टाच्या टोकात गुंडाळतो. नरसय्या पुढे सरकतोय हे बघून हळूच म्हणतो, “थांब की बे, आधी बघू दे.”’

फासे पडले ४ आणि ४, बेरीज ८. किंमत मोजून यश. सूत्रधाराचं उत्तर:

‘साखळी निमूट हातात येते. गेट माणूस जाईल एवढं सरकतं. पण शर्टाला काळं लागलंय. साखळीवरचं ग्रीस ताजं आहे, आजचंच. आणि आतला लाल ठिपका आता उजळत नाही, मंदावत नाही. तो तुमच्या दिशेने येतोय.’

खेळाडूला हवं ते मिळालं, त्याची किंमत मोजावी लागली आणि पुढच्या माणसाला लिहायला नवं काहीतरी हाताशी आलं. सूत्रधाराच्या प्रत्येक उत्तरात या तीन गोष्टी आल्या की बाकी शैली कशीही असो. सहा-सात ओळींवर जाऊ नका. सूत्रधारच कादंबरी लिहायला लागला की खेळाडू नुसते वाचक होतात आणि ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवून निघून जातात.

पायरी ५: पाळी आणि वेळ

चार किंवा पाच खेळाडू घ्या, त्याहून जास्त नकोत. प्रत्येकाने दिवसातून एक पोस्ट टाकायची. चोवीस तासांत आली नाही तर गप्पांच्या खोलीत एकदा आठवण करायची, अठ्ठेचाळीस तास झाले की सूत्रधार त्या पात्राकडून काहीतरी साधं, निरुपद्रवी करून घेतो आणि गोष्ट पुढे नेतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं असलं की राग येत नाही. आठवडाभर गायब असलेल्याचं पात्र मारू नका. त्याला वॉचमनच्या केबिनमध्ये झोपवून ठेवा, परत आला की जागा करा.

सूत्रधाराचीही वेळ ठरलेली हवी. रोज रात्री साडेनऊला उत्तर येणार म्हटलं की लोक साडेनऊच्या आत लिहून टाकतात. दर रविवारी ‘आतापर्यंत काय झालं’ हे पाच ओळींत लिहून पिन करा. मागे पडलेल्या खेळाडूला दोनशे संदेश वाचायचा धीर नसतो, पाच ओळी तो वाचतो. आणि शेवट आधीच ठरवून ठेवा. सहा आठवड्यांत संपणारा खेळ संपतो. ‘बघू कुठवर जातो’ म्हणून सुरू केलेला मध्येच विझतो.

पायरी ६: मर्यादा

खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाला खासगीत विचारा, तुला कथेत काय नको? कुणाला लहान मुलांवरचे अत्याचार नको असतात, कुणाला आत्महत्या, कुणाला जातीवरून शिव्या. कारण विचारायचं नाही, यादीत टाकायचं आणि ते येऊ द्यायचं नाही. खेळताना कुणी दुहेरी कंसात ‘थांबा’ लिहिलं तर प्रसंग तिथेच तोडून पुढे जायचं.

अठराच्या खालची मुलं आणि मोठी माणसं यांचे ग्रुप वेगळे ठेवा, मुलांच्या ग्रुपात एका पालकाला घ्या. डिस्कॉर्डवर तेराच्या आतल्यांना परवानगीच नाही. खेळाडूंना एकमेकांना खासगी संदेश पाठवायची गरज नसते. कुणी पाठवतोय अशी तक्रार आली तर चौकशी करत बसण्याआधी त्याला बाहेर काढा. बक्षीस ठेवून एंट्री फी घ्यायचा मोह टाळा: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यात बंदी आहे.

पायरी ७: खेळाडू मिळवा

आधी खेळ, मग जाहिरात. निदान दोन-तीन आठवड्यांचा मजकूर हातात असल्याशिवाय कुणाला बोलवू नका. रिकाम्या ग्रुपात आलेला माणूस पुन्हा येत नाही.

‘चला मित्रांनो, भन्नाट गेम, लगेच जॉइन व्हा’ असला फॉरवर्ड शंभर ग्रुपांत टाकून फार तर चाळीस जण येतील आणि त्यातला एकही लिहिणार नाही. त्यापेक्षा खेळाचाच तुकडा दाखवा. टेलिग्रामवर फक्त वाचण्यापुरतं एक चॅनेल काढा, त्यात दर आठवड्याला एक रंगलेला प्रसंग टाका. खेळाडूंची परवानगी घ्या, खऱ्या नावांऐवजी पात्रांची नावं ठेवा, शुद्धलेखन तेवढं नीट करा. वरच्या साखळीच्या प्रसंगासारखा तुकडा फाशाच्या आकड्यासकट इन्स्टाग्रामवर टाकला तर लोक थांबून वाचतात, कारण ‘मी असतो तर काय केलं असतं’ हा प्रश्न डोक्यात येतोच.

आमंत्रण चार ओळींचं असावं: गोष्ट कशाबद्दल आहे, रोज किती वेळ लागेल, कधी संपणार, किती जागा आहेत. ‘बंद गिरणीतली भयकथा. रोज दहा मिनिटं, एक पोस्ट. सहा आठवडे. दोन जागा. आधी खेळलेलं असण्याची गरज नाही.’ ग्रुपची लिंक उघड्यावर टाकू नका. छोटा फॉर्म ठेवा आणि त्यात एकच खरा प्रश्न विचारा: ‘भोंगा वाजतोय, तुमचं पात्र काय करतं? तीन ओळी लिहा.’ ज्याने तीन ओळी लिहिल्या तो पुढेही लिहील. ज्याने फक्त ‘इंटरेस्टेड’ लिहिलं त्याचं काय होणार हे तुम्हाला कळलंच आहे.

माणसं शोधायची तर जिथे लिहिणारे-बोलणारे आधीच आहेत तिथे जा. एकांकिका स्पर्धांची तयारी करणारी कॉलेजची पोरं सगळ्यात उत्तम. त्यांना पात्रात शिरायला शिकवावं लागत नाही, उलट आवरावं लागतं. वाचनालयाच्या फलकावर विचारून एक कागद लावा. पुण्यातल्या सोलापूरकरांच्या ग्रुपांत गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास आमंत्रण टाका. जानेवारीत सगळे गावाकडे आलेले असतात, त्यांना एका संध्याकाळी बोलवा, कडक भाकरी-शेंगा चटणी समोर ठेवून दीड तासाचा छोटा खेळ तोंडी खेळवा. परतीच्या गाडीत बसताना त्यांच्या फोनमध्ये ग्रुप असेल. परीक्षेच्या तोंडावर मात्र नवा खेळ काढू नका.

दहा-बारा जण जमले तर एकाच खेळात कोंबू नका. दुसरा ग्रुप काढा आणि पहिल्या खेळातल्या एखाद्या मुरलेल्या खेळाडूला त्याचा सूत्रधार करा. पहिल्या आठवड्यात त्याची उत्तरं टाकायच्या आधी एकदा वाचून द्या, नंतर त्याला मोकळं सोडा. तुमच्या गिरणीतला भोंगा तो कदाचित वेगळ्याच कारणाने वाजवेल, वाजवू द्या.