आंतरराष्ट्रीय कायद्याच्या उन्हाळी अभ्यासवर्गाला जायचे आहे? या चुका टाळा

कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्यातून दरवर्षी काही विद्यार्थी आंतरराष्ट्रीय कायदा व आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांच्या परदेशातील उन्हाळी अभ्यासवर्गांसाठी अर्ज करतात. त्यांतील अनेकांशी अर्जाच्या आधी किंवा परत आल्यावर माझे बोलणे होते. मुले हुशार असतात, कष्टाळूही असतात. पण चुका दरवर्षी त्याच होतात आणि त्या वारंवार पाहून आता त्या लिहून ठेवणे मला आवश्यक वाटू लागले आहे. नेदरलँड्समधील हेगच्या शांती प्रासादात 1923 साली वर्ग सुरू करणारी आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी असो, किंवा संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या अधिवेशनाला जोडून जिनिव्हात 1965 पासून भरणारे चर्चासत्र असो, दोन्हीकडे हाताशी तीन आठवडेच असतात. तेवढ्या काळात तिथे कोणी पायाभूत गोष्टी शिकवत बसत नाही. त्या शिकूनच जावे लागते.

निकाल न वाचता निकालावर बोलणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक विद्यार्थी युरोपातील एका अभ्यासवर्गाला गेला. मूट कोर्टात, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांत, त्याने बक्षिसे मिळवली होती, वक्तृत्व उत्तम होते. तयारी म्हणून त्याने परीक्षेची गाइडे वाचली होती आणि गाजलेल्या प्रकरणांवरचे व्हिडिओ पाहिले होते. दुपारच्या चर्चासत्रात वाणिज्यदूतांच्या, म्हणजे परदेशात आपल्या नागरिकांना मदत करणाऱ्या सरकारी प्रतिनिधींच्या, अधिकारांचा विषय निघाला, तेव्हा तो आत्मविश्वासाने उभा राहिला आणि म्हणाला, की पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द करून सुटकेचा आदेश दिला. प्राध्यापकांनी शांतपणे विचारले, ‘‘कोणत्या परिच्छेदात?’’

परिच्छेद सापडणार नव्हता, कारण तसा आदेशच नाही. 17 जुलै 2019 च्या निकालात न्यायालयाने वाणिज्यदूत संबंधांविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 चा (अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या वाणिज्यदूताशी संपर्क साधू देण्याच्या नियमाचा) पाकिस्तानने भंग केल्याचे 15 विरुद्ध 1 मतांनी ठरवले, दोषसिद्धी आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले आणि तोवर शिक्षेची अंमलबजावणी स्थगित राहिली पाहिजे असेही म्हटले. मात्र शिक्षा रद्द करावी आणि जाधव यांना सोडावे, ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. यानंतर प्राध्यापकांनी दुसरा प्रश्न विचारला, की लष्करी न्यायालयातील खटला न्याय्य होता की नाही हे न्यायालयाने मानवी हक्कांच्या कराराखाली का तपासले नाही? याचे उत्तर निकालाच्या सुरुवातीच्या पानांतच आहे. व्हिएन्ना करारासोबतच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमुळे (देशांनी स्वेच्छेने स्वीकारायच्या पूरक करारामुळे) न्यायालयाला अधिकारक्षेत्र मिळाले होते आणि ते त्या कराराच्या अर्थाच्या व अंमलबजावणीच्या वादापुरतेच होते. आमच्या विद्यार्थ्याला हे माहीत नव्हते. आपल्या देशाचे, आपल्या राज्यातील माणसाचे प्रकरण, आणि त्यातले खरे उत्तर दिले शेजारच्या बाकावरील केनियाच्या मुलीने. तो मुलगा नंतरच्या चर्चांत बोललाच नाही, आणि इतक्या खटपटीने मिळवलेली संधी अर्ध्याहून अधिक वाया गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

उपाय एकच आहे आणि त्याला आडवाट नाही. जाण्याआधी किमान एक निकाल पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्यापर्यंत, न्यायाधीशांच्या स्वतंत्र आणि भिन्न मतांसह वाचा. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सर्व निकाल त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. माझी सवय अशी, की मी विद्यार्थ्यांना आधी शेवटचा, आदेशाचा भाग वाचायला लावतो आणि तो त्यांच्याकडून मराठीत, त्यांच्या शब्दांत वहीत लिहून घेतो. मग अधिकारक्षेत्राचा भाग, मग दोन्ही पक्षांच्या मागण्या, आणि सर्वांत शेवटी न्यायालयाची कारणमीमांसा. हे काम हातानेच करावे, असा माझा आग्रह आहे. यंत्राकडून सारांश करून घेणाऱ्या मुलांना सारांश मिळतो, पण न्यायालयाने काय ठरवायचे नाकारले हे त्यात बहुधा नसते, आणि चर्चासत्रात प्रश्न नेमका त्यावरच येतो.

सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर मी 12 एप्रिल 1960 चा पोर्तुगाल विरुद्ध भारत हा मार्गाधिकाराचा निकाल सुचवतो. दादरा आणि नगर हवेली या पोर्तुगीज प्रदेशांकडे भारतीय भूमीतून जाण्याच्या हक्काचा तो वाद होता. पोर्तुगालने त्यात 1779 च्या पुण्याच्या तहाचा आणि त्यानंतरच्या मराठ्यांच्या सनदांचा आधार घेतला होता, आणि मराठ्यांनी त्या गावांचे सार्वभौमत्व दिले नव्हते, सरंजाम म्हणून केवळ महसूल दिला होता, असे न्यायालयाने ठरवले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता मार्गाचा हक्क न्यायालयाने मान्य केला, सैन्य आणि शस्त्रांसाठी नाकारला, आणि 1954 मध्ये भारताने आपल्या बंधनांचा भंग केला नाही असा निष्कर्ष काढला. केवळ दोन देशांमधील दीर्घ व्यवहारातूनही कायद्याने बंधनकारक प्रथा तयार होऊ शकते, हा मुद्दा या निकालामुळे आजही जगभर शिकवला जातो. भारताच्या बाजूने तदर्थ, म्हणजे त्या प्रकरणापुरते भारताने नेमलेले, न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला, आणि त्यांचे भिन्न मत वाचण्यासारखे आहे. पेशवाईचा इतिहास शाळेत शिकलेल्या मुलाला या निकालाची पार्श्वभूमी इतर देशांच्या मुलांपेक्षा लवकर समजते. हा लाभ सोडू नये.

भारतीय कायद्याच्या सवयीने विचार करणे

आपल्या विधी महाविद्यालयांत संविधानाचे अनुच्छेद 141 पहिल्याच वर्षी मनावर बिंबते, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक, ही चौकट मुले हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयालाही लावतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील (त्याच्या मूळ नियमावलीतील) कलम 59 नुसार निकाल त्या पक्षांवर आणि त्या प्रकरणापुरताच बंधनकारक असतो, आणि कलम 38 मध्ये न्यायालयीन निर्णयांना नियम निश्चित करण्याचे दुय्यम साधन म्हटले आहे. प्रत्यक्षात न्यायालय आपल्या जुन्या निकालांपासून सहसा दूर जात नाही, हेही खरे. पण हा फरक समजून न घेता ‘न्यायालयाने 1927 मध्येच हे ठरवून टाकले आहे’ असे म्हणणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी ओळखू येतो.

हेगमधील संस्थांची गल्लतही अशीच. 1899 च्या परिषदेतून निर्माण झालेले कायमस्वरूपी लवाद न्यायालय आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय शांती प्रासादात आहेत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय त्याच शहरात पण वेगळ्या ठिकाणी आहे, ते 2002 पासून अस्तित्वात आले, ते व्यक्तींवर खटले चालवते, आणि भारत त्याचा सदस्य नाही. एवढे पाठ करूनच विमानात बसावे.

हेतुपत्रात ‘लहानपणापासूनची आवड’

हेतुपत्र म्हणजे आपल्याला हा वर्ग का करायचा आहे हे सांगणारे अर्जासोबतचे पत्र. निवड समितीसमोर येणाऱ्या असंख्य पत्रांत ‘मला लहानपणापासून जागतिक शांततेची ओढ आहे’ हेच वाक्य असते. तुम्ही कोल्हापूरचे आहात. तुमच्या दारातच आंतरराष्ट्रीय कायद्याचे दोन मोठे प्रश्न आहेत. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे झळकली आणि इथे संताप झाला. कोल्हापुरी चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, पण ते भारतातील नोंदणीपुरते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारात कलम 22 सर्व वस्तूंना सामान्य संरक्षण देते आणि कलम 23 चे अधिक कडक संरक्षण मद्यांना देते, चपलेला नाही. यातील असमतोलावर एक नेमका परिच्छेद लिहिला तर तुमचे पत्र लक्षात राहते. दुसरा प्रश्न कृष्णेच्या पाण्याचा. 2005, 2019 आणि 2021 चे पूर अनुभवलेला विद्यार्थी कर्नाटकातील अलमट्टी धरणावर बोलू शकतो. मात्र तो आंतरराज्य वाद आहे, संविधानाच्या अनुच्छेद 262 खाली आणि आंतरराज्य नदी पाणीवादांच्या 1956 च्या कायद्याखाली लवादाकडे जाणारा, हे आधी स्पष्ट लिहावे. त्यानंतरच देशादेशांमधील नद्यांसाठीच्या 1997 च्या कराराकडे, त्यातील न्याय्य आणि वाजवी वापराच्या तत्त्वाकडे वळावे, आणि भारत त्या कराराचा पक्षकार नाही हेही सांगावे. क्रम उलटा झाला, तर समितीला तुमचा गोंधळच दिसतो.

शिफारसपत्र मुदतीच्या आदल्या संध्याकाळी मागू नये. प्राध्यापकांना तुमचे हेतुपत्र आणि एखादा लिहिलेला निबंध सोबत द्यावा, म्हणजे पत्रात तुमच्याबद्दल काही खरे लिहिता येते.

व्हिसाचे काम ‘निवड झाल्यावर बघू’ म्हणणे

हेगसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांसाठीचा सामायिक व्हिसा) लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, आणि काही प्रकरणांत निर्णयाला 45 दिवसांपर्यंत लागू शकतात. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा; पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. बोटांचे ठसे देण्यासाठी कोल्हापूरच्या मुलांना मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरातील व्हिसा केंद्रात जावे लागते आणि सुटीच्या हंगामात वेळ मिळत नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसचे आरक्षण करण्याआधी केंद्रातील वेळ निश्चित करावी.

आपल्या भागातील एक अडचण बाहेरच्या सल्लागारांना कळत नाही. पालकांचे उत्पन्न शेतीचे असते, त्यावर प्राप्तिकर नसल्याने विवरणपत्र भरलेले नसते, आणि बँक खात्यात कारखान्याकडून ऊसबिल एकदम जमा होते. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम पाहिली, की व्हिसा अधिकाऱ्याला शंका येते. म्हणून ऊसबिलाची पावती, सातबारा उतारा आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर जोडून, एका पानावर उत्पन्नाचा हंगाम समजावून सांगावा. प्रवेशपत्रावरील नावही पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे नाव कधी लिहिले जाते, कधी गाळले जाते, आणि तेवढ्यावर अर्ज अडतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

शिष्यवृत्तीची मुदत बहुतेक ठिकाणी आदल्या हिवाळ्यातच संपते; एप्रिलमध्ये शोध सुरू करणे व्यर्थ आहे. विद्यापीठाच्या परीक्षेचे वेळापत्रक आधी पाहावे. हेगच्या अकादमीत सार्वजनिक आणि खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याचे वर्ग वेगळ्या काळात भरतात. दुसऱ्यात आंतरदेशीय विवाह, मुलांचा ताबा, करार असे विषय असतात, तेव्हा युद्ध आणि मुत्सद्देगिरी शिकायची असेल तर तिथे नाव नोंदवू नये. फ्रेंचमधील व्याख्याने टाळू नयेत. भाषांतराची सोय असते. जुलैतही तिथे पाऊस आणि गारवा असतो, तेव्हा गरम कपडे न्यावेत. फक्त भारतीयांच्या घोळक्यात जेवायला बसू नये. प्रश्न विचारताना भाषण करू नये. दोन वाक्यांत न मावणारा प्रश्न अजून तयार झालेला नाही असे समजावे.

उपस्थितीचे प्रमाणपत्र आणि अकादमीचा डिप्लोमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिप्लोमासाठी वेगळी, अत्यंत कठीण परीक्षा असते आणि तो मोजक्याच जणांना मिळतो. परिचयपत्रात ‘उन्हाळी वर्गात सहभाग’ इतकेच लिहावे, पुढे वर्ष आणि विषय द्यावा, आणि मुलाखतीत कोणत्या व्याख्यानमालेतून काय शिकलात हे सांगता यावे म्हणून टिपणांची वही जपून ठेवावी.