जुन्या गाडीचा कॉम्प्युटर बदलण्याआधी आणि बदलल्यावर

“साहेब, कोम्प्युटर उडी गयुं.” गॅरेजवाल्या भाईनं गाडीचा कॉम्प्युटर गेल्याचा हा निकाल दिला तेव्हा त्यानं चावी दोनदा फिरवून पाहिली होती, बस्स. गाडी आमची 2006 ची ऑल्टो. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा समा भागात सीटपर्यंत पाण्यात उभी राहिलेली. धुतली, वाळवली, दिवाळीपर्यंत छान पळाली आणि मग एका सकाळी सेल्फ फिरतोय पण इंजिन काही स्टार्ट घेत नाही. मी भंगारातून दुसरा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणून लावला. गाडी तशीच. त्यानंतर पंधरा दिवसांत जे उलट्या क्रमानं शिकलो, ते इथे सुलट्या क्रमानं लिहितो.

आधी हे ठरवा की ईसीएम खरंच गेलाय का. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मीटरवरचा चेक लाइट पेटायला हवा आणि मागच्या बाजूनं पेट्रोल पंपाची दोन-तीन सेकंदांची घूं ऐकू यायला हवी. दोन्ही झालं तर ईसीएम निदान जागा आहे. मग प्लग, कॉइल, क्रँक सेन्सर, पेट्रोलचा दाब तपासा. लाइट पेटत नसेल तर ईसीएम मेलाय असं म्हणू नका. त्याला जेवायला मिळत नसेल, अशीही शक्यता असते.

जेवण म्हणजे बॅटरीचा करंट आणि अर्थिंग. चारपाचशेचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. बॅटरी उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर पुढचं सगळं सोडून आधी बॅटरी बघा. मग ईसीएमचा फ्यूज आणि त्याला करंट पोचवणारा मेन रिले. आणि मग अर्थिंग, जे कोणीच तपासत नाही: मीटर डीसी व्होल्टवर, एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ईसीएमच्या अर्थिंगच्या वायरला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.1 च्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर इंजिनवर बसणारी अर्थिंगची लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काढा, सँडपेपरनं घासा, पुन्हा घट्ट करा. पुरातून निघालेल्या गाडीत हे न मोजताच केलं तरी चालेल.

माझा चोर मात्र यात सापडला नाही. तो पुढच्या पायरीवर होता.

ईसीएम सेन्सरना 5 व्होल्टचा पुरवठा करतो आणि बऱ्याचदा एकाच लायनीवर तीन-चार सेन्सर असतात. त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला तरी सगळी लाइन बसते, आणि पुष्कळ गाड्यांत ईसीएमसुद्धा गप्प होतो. मी थ्रॉटल सेन्सरचा प्लग काढून आत सुई लावली. तिन्ही पिनांवर शून्य. मग मीटर तिथेच लावून ठेवला आणि बाकीचे सेन्सर एकेक करून काढत गेलो. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर काढला आणि आकडा टपकन 5.01 वर आला. आत डॅशबोर्डवर चेक लाइट पेटलेला. सेन्सरच्या पिनांवर हिरवट पूड होती, बॅटरीच्या जुन्या टर्मिनलवर साचते तशी. म्हणजे माझा जुना ईसीएम ठणठणीत होता, आणि मी पैसे भंगारात घालून आलो होतो.

आणखी एक. मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर जुन्या गाडीशी बोलला नाही म्हणून घाबरू नका. आपल्याकडे ओबीडी-2, म्हणजे गाडीतले दोष वाचायची सगळ्या कंपन्यांना समान पद्धत, सक्तीची झाली ती 2013 मध्ये. त्याआधीच्या गाड्यांना बहुधा कंपनीचाच स्कॅनर लागतो. नव्वदच्या दशकातल्या सुझुकी इंजिनात तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या दोन पिना वायरनं जोडल्या की चेक लाइट मिणमिणून कोड सांगतो. एकदा, थांबून दोनदा, म्हणजे 12: सगळं ठीक.

आता समजा, ईसीएम खरंच गेलाय. तो बऱ्याच जुन्या मारुती गाड्यांत डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली असतो. बाहेर काढून लेबलचा फोटो घ्या. मारुतीचा नंबर 33920 नं सुरू होतो, टोयोटाचा 89661 नं. ईसीएमचा डबा बॉश कंपनीचा असेल तर त्यावर बॉशचा स्वतःचा नंबरही असतो: 0261 पासून सुरू झाला तर पेट्रोल, 0281 पासून तर डिझेल. हे सुरुवातीचे आकडे फक्त ‘हा इंजिनाचा कॉम्प्युटर आहे’ एवढंच सांगतात. खरी गोष्ट पुढच्या आकड्यांत आणि अक्षरांत असते, म्हणून शेवटच्या अक्षरापर्यंत नंबर जुळवा. मी “ऑल्टोचा द्या” म्हणालो आणि त्यानं ऑल्टोचाच दिला. शेवटचे दोन आकडे वेगळे होते, हे घरी आल्यावर दिसलं.

एवढा फरक कशामुळे पडतो? एसी, गिअरबॉक्स आणि मुख्य म्हणजे प्रदूषणाचे नियम. 1 एप्रिल 2010 ला बीएस-4 (भारत स्टेज 4) आलं ते फक्त 13 शहरांत. त्यात अहमदाबाद आणि सुरत होतं, बडोदा नव्हतं. इथे त्या वर्षी बीएस-3 आलं आणि बीएस-4 सगळ्या देशाला लागू झालं ते 2017 मध्ये. त्यामुळे 2011 च्या सुरतच्या गाडीतून निघालेला डबा त्याच वर्षाच्या बडोद्याच्या गाडीला चालेलच असं नाही. डबा कुठल्या आरटीओच्या गाडीतला आहे, हे भंगारवाल्याला विचारायला लाजू नका.

किल्लीत चिप असेल तर गोष्ट आणखी अवघड. दुसऱ्या गाडीचा ईसीएम तुमची किल्ली ओळखणार नाही. इंजिन सुरूच होणार नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडेल, आणि किल्लीचं चिन्ह मिणमिणत राहील. अशा वेळी एक तर डबा, किल्ली आणि इमोबिलायझर (किल्लीची चिप ओळखणारा भाग) असा सगळा संच एकाच गाडीतून घ्या, नाहीतर जुन्या डब्यातला डेटा नव्यात उतरवून देणारा कारागीर गाठा. म्हणून जुना डबा फेकू नका.

विकत घेताना झाकणाचे स्क्रू उघडायला सांगा. नाकाशी धरा. जळका वास, कपॅसिटरखाली तपकिरी डाग, बोर्डावर पांढरा थर, यातलं काही दिसलं तर ठेवून द्या.

बसवण्याआधी एक काम राहतं, आणि हीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते: जुना कशानं मेला ते शोधा. कॉइल शॉर्ट होऊन ईसीएममधला तिला चालवणारा भाग (ड्रायव्हर) जळला असेल तर तीच कॉइल नव्यालाही जाळणार. प्लग काढून ओहम मोजा. कॉइलचा प्रायमरी साधारण अर्धा ते दोन ओहम, बहुतेक इंजेक्टर 12 ते 16 ओहम. चार इंजेक्टरांतला एक दोन-तीन ओहम दाखवत असेल तर गुन्हेगार तोच. डॅशबोर्डखालचं कार्पेट दाबून बघा. ओलं असेल तर एसीच्या ड्रेनचा पाइप किंवा काचेखालची जाळी तुंबलेली असते आणि पाणी तिकडून येतं.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, पिनांना बोट लावू नका, कनेक्टर सरळ बसवून लॉक करा.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असतं. त्याचा इम्युलेटर (ईसीएमला इंजेक्टर चालू असल्याचं भासवणारा) आणि टायमिंग ॲडव्हान्सर (ठिणगी थोडी आधी पाडणारा) ईसीएमच्याच वायरी कापून जोडलेले असतात. नव्या ईसीएमची पहिली चाचणी ते दोन्ही बाजूला काढून, मूळ वायरी जोडून, निव्वळ पेट्रोलवर घ्या. नाहीतर गाडी झटके देते आणि दोष बिचाऱ्या डब्यावर जातो.

सुरू झाली तरी पहिले काही किलोमीटर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, वरखाली होतो, नवा ईसीएम शिकत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ मारण्याआधी, कंपनीच्या स्कॅनरवर इंजिनाच्या पाण्याचं (कूलंटचं) आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेइतके हवेत. एक 26 आणि दुसरं 80 असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. 15 च्या वर गेले तर गाडी लगेच बंद करा आणि आधी अल्टरनेटर दुरुस्त करून घ्या.