भुयाराची गोष्ट ऐकल्यावर वहीत काय लिहायचं

आज्जी सांगायची, अंबाबाईच्या देवळाखालून निघालेलं भुयार थेट पन्हाळ्यावर उघडतं. वीसेक किलोमीटर! तिच्या मांडीवर ऐकलेल्या त्या गोष्टीपायीच मी पुढं इतिहासाची शिक्षिका झाले. आता सुट्टीत पेठेतली पोरं घरी येतात, त्यांना मी दंतकथा तपासायला शिकवते. सरावाला घेते टेम्पलर. आपल्याकडचे शस्त्रधारी गोसावी आठवा; तसेच हे मध्ययुगातले ख्रिस्ती, व्रतस्थ आणि तलवारबहाद्दर. १११९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये त्यांचा संघ उभा राहिला. त्यांच्याभोवती दंतकथांचं रान आहे आणि तारखाही पक्क्या मिळतात, म्हणून सरावाला सोयीचे.

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर गोष्ट उतरवा, सांगणाऱ्याच्याच शब्दांत. मध्येच ‘असं नसतं हो’ म्हणू नका, माणूस गप्प होतो. कुणाकडून ऐकली तेही विचारा. आज्जीला तिच्या सासूनं सांगितली होती.

उजव्या पानावर तारखा. शापाची गोष्ट घ्या. टेम्पलरांचा शेवटचा प्रमुख झाक द मोले याला १८ मार्च १३१४ रोजी पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. जळता जळता त्यानं संघ मोडणारा फ्रान्सचा राजा आणि पोप दोघांना वर्षाच्या आत देवाच्या दरबारात बोलावलं, अशी कथा. पोप पाचवा क्लेमेंट २० एप्रिलला गेला, राजा चौथा फिलिप २९ नोव्हेंबरला. तारखा अशा जुळल्या की पोरांच्या अंगावर काटा येतो. इथंच थांबून विचारायचं, गोष्ट आधी लिहिली गेली की मरणं आधी झाली? नावं घेऊन मुदत देणारा शाप नंतरच्या लेखनात येतो. दोघं कधी मेले हे लिहिणाऱ्याला ठाऊकच होतं. दंतकथा तपासताना मला हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो.

कधी नुसती वजाबाकी पुरते. स्कॉटलंडच्या रॉसलिन चॅपेलात, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चमध्ये, टेम्पलरांनी खजिना पुरला म्हणतात. संघ बरखास्त झाला १३१२ साली, चॅपेलचा पाया घातला १४४६ मध्ये. मध्ये १३४ वर्षं.

पण म्हणून प्रत्येक गोष्टीवर फुली मारू नका. अक्को हे टेम्पलरांचं बंदर, आज इस्रायलमध्ये आहे. तिथं १९९४ साली एका बाईच्या घराचं सांडपाणी तुंबलं. खाली उकरलं तर भुयार! किल्ल्यापासून बंदरापर्यंत जाणारं, सुमारे दीडशे मीटर लांब, टेम्पलरांनीच खोदलेलं. म्हणून तारखा लिहून झाल्या की जागेवर जायचंच. भुयार कुठून कुठं, किती लांब, एवढ्या लांबीचं कशासाठी लागलं असतं, हे तिथं उभं राहून लिहायचं. टॉर्च घेतली तरी बंद विवरात एकट्यानं शिरायचं नाही.

आज्जीच्या गोष्टीसमोरचं माझं उजवं पान बरीच वर्षं कोरं होतं. मग पन्हाळ्यावर अंधारबावेत उतरले. तीन मजली इमारत, तळाला विहीर, आणि तटाबाहेर पडायला चोरवाट. त्या रात्री उजव्या पानावर लिहिलं : ‘देवळापर्यंत नाही. पण गडावरून गुपचूप बाहेर पडायची वाट आहे. आज्जीच्या सासूबाईंचं माहेर गडाच्या पायथ्याचं.’