तरण्या-म्हाताऱ्या पावसात घरातली रोपं: दिव्याचं गणित

पुनर्वसू आणि पुष्य, आपले तरणा आणि म्हातारा पाऊस, साधारण ५ जुलै ते २ ऑगस्टपर्यंत असतात. या दिवसांत कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं उघड्या गादीवाफ्यावर भाजीचं रोप करणं म्हणजे बी वाया घालवणं. वाफा चिबडतो, उगवलेलं गोगलगायी खातात, उरलेलं मर रोगानं बसतं. म्हणून लोक ट्रे सोप्यात आणून ठेवतात. चार दिवसांत रोपं नुसती लांबतात, पांढुरकी पडतात आणि उंबऱ्याकडं माना वळवून आडवी होतात.

ही रोपं उपाशी असतात ती उजेडाला. थंड देशांतल्या व्हिडिओंत ट्रेखाली तापणाऱ्या चटया दाखवतात, त्या बघून खर्च करू नका. आपल्याकडं जुलैत रात्रीही पारा २०-२१ अंशांच्या आसपास असतो, उगवणीला तेवढं चालतं. मोबाईलवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं ॲप मिळतं. ढगाळ दिवशी खिडकीपासून चार हात आत मोजून बघा, आकडा काहीशेच्या घरात येईल. रोप धडधाकट व्हायला दहा हजारांच्या आसपास लागतो. आपल्या डोळ्याला खोली उजेडाची वाटते, पण रोपाचं तेवढ्यावर भागत नाही.

घरच्या घरी जमेल असा हिशेब सांगतो. १०४ कप्प्यांचे चार ट्रे शेजारी शेजारी ठेवले की लांबी चार फुटांच्या आत बसते. त्यावर चार फुटी, २० वॅटच्या चार साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब समान अंतरावर लावा. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेली ट्यूब घ्यावी. जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे नकोत, त्याखाली पान पिवळं पडलंय की करपलंय हेच कळत नाही. रोज १५ तास दिवे चालले तर १.२ युनिट वीज जाते, २५ दिवसांत ३० युनिट. तेवढ्यात चारशेच्या वर रोपं होतात. टोमॅटोच्या दोन गुंठ्यांना ती पुरतात. एकरभर टोमॅटोला सात हजारांवर रोपं लागतात, तिथं हा खटाटोप परवडत नाही. सरळ रोपवाटिकेत आगाऊ नोंदणी करावी.

सगळी मेख दिव्याच्या उंचीत आहे. ट्यूब छताला लावून उपयोग नाही. शेंड्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर ती हवी, आणि रोप वाढेल तशी वर सरकवता यावी म्हणून साखळीवर टांगावी. रॅकच्या तिन्ही बाजूंना पांढरं फ्लेक्स किंवा थर्माकोल लावलं की कडेच्या रोपांनाही उजेड पुरतो. अंतर बरोबर आहे का, हे टोमॅटोच्या रोपावरूनच ओळखा. ट्रेमधल्या कोकोपीटपासून (नारळाच्या काथ्याचा भुसा) पहिल्या दोन दलांपर्यंतचा दांडा दोन-तीन सेंटिमीटर असेल तर ठीक. पाच-सहा झाला की दिवा लांब आहे किंवा ट्रे उजेडात आणायला उशीर झालाय. लांबलेलं टोमॅटोचं रोप लावताना थोडं खोल पुरलं तर दांड्याला मुळ्या फुटतात आणि ते सावरतं. मिरचीच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नका.

पेरल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकनं झाकावेत, उगवेपर्यंत दिवा लागत नाही. कोबी-फ्लॉवर उगवतात चौथ्या-पाचव्या दिवशी, टोमॅटो पाच ते सात दिवसांत, मिरचीला आठ ते बारा. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ झाकण उचलून बघायचंच. पहिला कोंब दिसला की ट्रे त्याच वेळी दिव्याखाली. इथं एका रात्रीचा आळस पुढं महिनाभर दिसतो. दिवे पहाटे पाचला लागून रात्री आठला बंद होतील असा टायमर लावा. रात्रभर चालू ठेवू नका.

पाणी सकाळीच, तेही ट्रे उचलून हलका लागला तरच. आपल्या हवेत जुलैत कोकोपीट दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओल साचली की मर रोग आलाच. छोटा पंखा दिवसातून तीन-चार तास रोपांवरून फिरू द्या, दांडाही जाड होतो. ट्रायकोडर्मा, म्हणजे मर रोगाला आवरणारी उपयोगी बुरशी, कोकोपीटमध्येच मिसळावा. संकरित बियाणं बहुधा बुरशीनाशक लावूनच येतं, त्यावर तो पुन्हा चोळण्यात अर्थ नाही. कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतं. दलांनंतरची खरी पानं फुटली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा.

बोर्ड रॅकच्या वर, भिंत कोरडी असेल तिथं घ्या, अर्थिंग तपासून घ्या, झारी घेण्याआधी बटण बंद करा. ओल्या भिंतीला शॉक लागतो हे पावसाळ्यात नव्यानं सांगायला नको.

शिरोळ, करवीर, हातकणंगलेच्या पूरपट्ट्यात रॅक वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ आणि २०२१ ला रानातलं सगळं पाण्याखाली गेलं, त्यानंतर रोपांना मागणी एकदम आली. हाताशी चार ट्रे असले तर वाफसा येताच लावण होते. पुरात वीज जाते हेही धरून चाला. एक-दोन दिवस अंधार पडला म्हणून रोप मरत नाही, पाणी तेवढं बंद ठेवा. जास्त दिवस गेले तर ट्रे गच्चीवर प्लॅस्टिकच्या छपराखाली न्या.

झेंडू दसऱ्याच्या बाजारासाठी हवा असेल तर सणाच्या तारखेपासून ८५-९० दिवस मागं मोजून बी टाका. कांद्याचं रोप मात्र या दिव्याखाली करू नका. आपले वाण १५ तासांच्या उजेडात पात वाढायच्या आधीच बुडाशी फुगायला लागतात.

टोमॅटो, कोबी २५ ते ३० दिवसांत लावणीला येतात, मिरची ३५ ते ४५. त्याआधीचा आठवडा ट्रे रोज बाहेर काढायचे: आधी पडवीत दोन तास, मग उघड्यावर. पागोळ्यांखाली ठेवू नका, एका सरीत कोकोपीट उडून मुळं उघडी पडतात. लावण संध्याकाळी, उंच सरीवर.