वायफाय राऊटर हॅक झालंय का, कसं ओळखायचं अन् काय करायचं

नेट स्लो झालं की आपल्याकडे लगेच "हॅक झालं वाटतं भो" सुरू होतं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास अन् राऊटर पत्र्याखालच्या माळ्यावर, मग ते तापून बंद पडणारच.

खरी लक्षणं वेगळी. बँकेचा पत्ता बरोबर टाकूनही भलतंच पान उघडतं किंवा ब्राउझर सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) वॉर्निंग देतो, साध्या बातम्या वाचताना जुगाराच्या जाहिराती उसळतात, नाहीतर राऊटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड कोणी न बदलता चालेनासा होतो. आता एक टेस्ट करा, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तीच साइट उघडा. डेटावर नीट, वायफायवर गडबड, अन् ती घरातल्या सगळ्या फोनवर सारखीच असेल तर संशय राऊटरवर. एकाच फोनवर असेल तर राऊटरला सोडा, फोन तपासा.

मग राऊटर पालथं करा. खाली स्टिकरवर पत्ता असतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा काहीतरी, तो ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा. आत गेल्यावर आधी डीएनएस बघा, कारण चोर बऱ्याचदा तिथंच हात मारतो. साइटचं नाव दिलं की तिचा आयपी नंबर, म्हणजे नेटवरचा आकड्यांचा पत्ता, सांगायचं काम डीएनएसचं, तो बदलला म्हणजे स्टँडवर चोपड्याची गाडी विचारली अन् कोणी मुद्दाम एरंडोलच्या गाडीत बसवून दिलं तसं. डीएनएस दोन ठिकाणी असतो, इंटरनेट किंवा वॅन सेटिंगमध्ये एक अन् डीएचसीपीमध्ये (घरातल्या फोनला नेटचे पत्ते वाटणारी सेटिंग) एक, दोन्ही बघा. ८.८.८.८ गूगलचा, १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा. अनोळखी नंबर दिसला तर लगेच घाबरू नका, तो नेटवाल्याचाही असू शकतो, फोन करून विचारा, अन् तो "आमचा नाही" म्हणाला तर मात्र गडबड आहे.

नुसतं बंद-चालू करून भागत नाही. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) ५४ देशांत किमान ५ लाख राऊटर अन् तशी उपकरणं धरली होती, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने लोकांना राऊटर रीस्टार्ट करायला सांगितलं, पण त्याचा एक भाग रीस्टार्टनंतरही आत शिल्लक राहायचा. म्हणून फॅक्टरी रीसेटच करायचं, म्हणजे सगळी सेटिंग पुसून राऊटर नव्यासारखं करायचं.

पण थांबा, रीसेटच्या आधी केबलवाल्याकडून पीपीपीओई (नेट जोडायचं लॉगिन) युजरनेम-पासवर्ड अन् फायबरचा डबा असेल तर व्हीलॅनचा नंबर (तोही नेट जोडायला लागतो) लिहून घ्या, नाहीतर सगळं पुसलं जाईल अन् केबलवाला तर लग्नसराईत फोन उचलत नाही. चालू सेटिंगचे फोटो काढा, पण जुना बॅकअप रीस्टोअर करू नका, चोराची सेटिंगही परत येईल.

राऊटर चालू ठेवून बाहेरून येणारी नेटची वायर काढा. फायबरची पिवळी वायर असेल तर मोडू नका, जमत नसेल तर राहू द्या. रीसेटच्या भोकात पिन घालून लाईट एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरा, दहा-पंधरा सेकंद लागतात. मग स्टिकरवरच्या पासवर्डने जोडून आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, admin-admin तसाच ठेवणं म्हणजे चोराला घरी बोलावणं. वायफायचाही बदला, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राऊटरची सेटिंग बदलायची सोय) अन् डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद. त्यानंतरच वायर लावून फर्मवेअर, म्हणजे राऊटरमधलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. कंपनीने अपडेट देणंच बंद केलं असेल तर नवीन राऊटर घ्या, जुन्यावर वेळ घालवू नका.

बँक अन् ईमेलचे पासवर्ड बदलायचे ते मोबाईल डेटावरून. पैसे गेलेच असतील तर हे सगळं बाजूला ठेवा अन् आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा.