तुकड्यातुकड्यांचा सायकल ट्रॅक: नाशिकमध्ये सायकल चालवताना

नाशिकला सायकलवेड्यांची वाण नाही. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्याच भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. इथून पंढरपूरला सायकलवर वारी जाते. पण संध्याकाळी सहाला सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाच्या चौकातून सायकल काढायची म्हटलं, की भल्याभल्यांची बोटं ब्रेकवर आवळतात.

गोम अशी आहे की आपल्याकडे सायकलची वाट सलग नाही. सायकल ट्रॅक असलेला अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा स्मार्ट रोडच मुळी १.१ किलोमीटरचा. तेवढ्यात चौक येतात, गाड्या लागलेल्या असतात, मग पुन्हा गर्दीत उतरावं लागतं. ट्रॅकवर चालवणं सोपं आहे. त्यावर चढणं आणि त्यावरून उतरणं शिकावं लागतं.

१. आधी वाट पाहून या
रोज जायचं असेल तो रस्ता एका रविवारी सकाळी सावकाश फिरून या, जमलं तर पायीच. ट्रॅक कुठे सुरू होतो, कुठे अचानक विजेची डीपी किंवा झाडाचं खोड आडवं येतं, कोणत्या टपरीसमोर दुचाक्या लागतात, हे ध्यानात ठेवा. गटारांच्या जाळ्यांकडे मुद्दाम बघा. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील, तर बारीक टायर त्यात अडकतं. सिंहस्थ जवळ आला की शहरात खोदकाम असतंच, म्हणून आतल्या गल्लीतली एक पर्यायी वाटही हेरून ठेवा.

२. सायकल तपासा
दोन्ही ब्रेक, हवा, घंटी. मागे लाल दिवा, पुढे पांढरा. एवढं पुरे.

३. कडेवर काटकोनात चढा
हे मी पडून शिकलो. जुलैची भुरभुर, पेव्हर ब्लॉक ओले. ट्रॅकची कड जेमतेम दोन बोटं उंच, म्हणून तिरकाच वर घ्यायला गेलो. पुढचं चाक कड चढलंच नाही. कडेला घासत सरकलं आणि मी कोपरावर. एका रिक्षावाल्याने सायकल उचलली, आधी हँडल सरळ आहे का ते पाहिलं आणि मग मला विचारलं, “लागलं का हो?”

तर कड कितीही बुटकी असो, वेग कमी करा, चाक शक्य तितकं काटकोनात घ्या आणि सीटवरून किंचित उठा. उतरताना उलट क्रम: आधी मागे वळून बघा, उजवा हात आडवा करा, मागच्याने पाहिलंय याची खात्री करा, मगच रस्त्यावर या. रस्त्यावरचे रंगाचे पट्टे ओले असतील तर ते आणि मॅनहोलची झाकणं सरळ पार करा. त्यांवर ना ब्रेक, ना वळण.

४. पायी चालणाऱ्यांना सांभाळा
सकाळी ट्रॅकवर शतपावली करणारे आजोबा असतात, तिघी मैत्रिणी ओळीने गप्पा मारत चाललेल्या असतात. तो ट्रॅक सायकलचा आहे, हे कायद्याने खरं असलं तरी तिथे भांडून उपयोग नाही. शेजारच्या फुटपाथवर बऱ्याचदा पाय ठेवायला जागा नसते.

घंटी वीस-पंचवीस फुटांवरून एकदाच वाजवा. पाठीशी येऊन वाजवलीत तर माणूस दचकून नेमका तुमच्याच पुढ्यात येतो. “काका, उजवीकडून येतोय” असंही म्हणू नका. मी ते बरेच दिवस म्हणत होतो आणि निम्मे काका उजवीकडेच सरकायचे. “काका, सायकल!” एवढंच म्हणा, वेग चालण्याइतका करा, ते कुठे सरकतात ते बघा, मग पुढे व्हा. लहान मूल किंवा मोकळा कुत्रा दिसला तर थेट पाय टेकवा. आणि जॉगिंग ट्रॅक हा सायकल ट्रॅक नव्हे. तिथे आपणच उपरे.

५. उभ्या गाड्या आणि उलटे येणारे
राखीव सायकल ट्रॅकवर मोटारसायकल चालवायला किंवा गाडी लावायला नियमाने मनाई आहे. तरी समोरून दुचाकी येईलच. डावीकडे थांबा, जाऊ द्या. हुज्जत घालायची तर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून घाला. उभ्या कारच्या रांगेपासून हातभर अंतर कमीच, मीटरभर ठेवा, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. आत ड्रायव्हर बसलेला किंवा मागचा दिवा लागलेला दिसला, तर दार उघडणारच असं धरून चाला.

६. चौकात गुमान उतरा
उजवीकडे वळायचं असेल आणि गर्दी असेल, तर सायकलवरून उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून ढकलत न्या. दोन मिनिटं जातात. बस वळत असेल तर तिच्या डाव्या बगलेत कधीच शिरू नका. वळताना तिची मागची चाकं आतून येतात आणि ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही.

७. मिसळीला थांबलात तर
रविवारच्या राइडचा शेवट मिसळीवर होतो, हे सांगायला नको. तेव्हा दहा जणांच्या दहा सायकली ट्रॅकवरच आडव्या टाकू नका. भिंतीला टेकवा, पेडल भिंतीच्या बाजूला करा आणि मगच जादा रश्श्याची ऑर्डर द्या.